निनावी सोबती

गेल्या वर्षी मी वर्गात एक पेटी ठेवली होती. पेटी कसली, बुटांचे खोके. झाकणाला सुरीने फट पाडलेली, आणि वर आमच्या धाकट्या चिरंजीवांनी सुबक अक्षरात ‘शंका’ असे लिहून दिलेले. कल्पना माझीच. शिकवून झाल्यावर ‘काही शंका?’ असे विचारले की सगळी मुले एकदम वहीत डोके घालतात, हा माझा अठरा वर्षांचा अनुभव. म्हटले, उभे राहून विचारायची लाज वाटत असेल. नाव न लिहिता चिठ्ठी टाकावी, मी पुढच्या तासाला उत्तर देईन. पहिल्या आठवड्यात एकतीस चिठ्ठ्या निघाल्या, आणि त्यांतल्या काही वाचून मी खरोखर हरखलो. एकीत विचारले होते की, संतांच्या वाट्याला जन्मभर हालच आले, तर देव त्यांना पावला असे आपण कशावरून म्हणतो? असा प्रश्न माझ्या तासाला उभे राहून कधी कोणी विचारला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या वाढल्या आणि शंका कमी झाल्या. तिसऱ्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीच्या बोलण्याच्या ढबीवर, तिच्या गावाची टर उडवणाऱ्या, चार चिठ्ठ्या निघाल्या. अक्षरे चार वेगवेगळी. मी त्या फाडल्या आणि पेटी उचलून घरी आणली.

संतांविषयीचा तो प्रश्न विचारणारा कोण होता, की विचारणारी होती, हे मला आजतागायत कळलेले नाही. उत्तर मी वर्गात दिले होते. पण ते कोणाला द्यायचे हेच ठाऊक नसल्यामुळे मागच्या भिंतीकडे पाहत दिले. पटले की नाही, त्यातून दुसरा प्रश्न निघाला की नाही, काही समजले नाही.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे यंदाच्या मे महिन्यात भेटायला आलेला माझा एक जुना विद्यार्थी. मराठी घेऊन बी. ए. झाला, मग कुठून कसा कोण जाणे संगणकाच्या धंद्यात शिरला, आणि गेली सहा वर्षे न्यूयॉर्कला आहे. राहतो ब्रुकलिनमध्ये. पेटीची हकीकत ऐकून तो हसला नाही. म्हणाला, “सर, तुम्हांला एक गंमत सांगतो. गंमत नाहीच म्हणा.”

त्याच्या घराजवळ सार्वजनिक वाचनालय आहे. तेथे कोणालाही फुकट वापरता येतील असे संगणक मांडलेले असतात. एका हिवाळ्यात, काही आठवडे ओळीने, त्याला तेथे एक मुलगा दिसे. वय सतरा-अठरा, अंगात काळा लांब कोट, कानांजवळ लोंबणाऱ्या केसांच्या वळणदार बटा, काळी टोपी काढून मांडीवर ठेवलेली. भराभर काहीतरी टंकायचा, उत्तराची वाट पाहायचा, पुन्हा टंकायचा. मागून कोणी गेले की पडद्यावर हात ठेवायचा. “एकदा शेजारचीच खुर्ची मिळाली, सर. मला वाटलं, चोरून सिनेमा बघत असेल. पाहतो तर नुसता मजकूर. धर्मग्रंथ देवानं दिला की माणसांनी लिहिला, ह्यावर वाद चालला होता! इंग्रजी तोडकंमोडकं, पण मुद्दे काय धारदार! आणि समोरच्यानं नाव घेतलेलं ‘स्पिनोझा’.”

दुसऱ्याच्या पडद्यात डोकावणे वाईट, हे त्याला सांगायचे मी विसरलो. कारण पुढचे ऐकायची मलाही उत्सुकता होती. “मग?” मी विचारले.

“मग एक दिवस तो यायचा बंद झाला.”

हा मुलगा हसीदी पंथाचा. आपल्याकडे ज्यू म्हटले की कोकणातले बेने इस्राएल आठवतात: शनिवार पाळणारे, तेलाचे घाणे चालवणारे, म्हणून ‘शनवार तेली’, घरात मराठी बोलणारे. त्यांचा परंपरेने ह्या पंथाशी संबंध नाही. मुंबईकरांना हसीदी ठाऊक झाले ते कुलाब्याच्या नरिमन हाऊसमुळे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या हल्ल्यात ज्या तरुण रब्बींचा आणि त्यांच्या पत्नीचा तेथे बळी गेला, ते हसीदींच्याच लुबाविच शाखेचे होते. ती शाखा जगभर माणसे पाठवणारी, आणि संगणकाचाही प्रचाराला उपयोग करणारी. वाचनालयातला मुलगा बहुधा तिच्यातला नसावा. हसीदींची घराणी अनेक आहेत, प्रत्येकाचा गुरू, म्हणजे ‘रेब्बे’, वेगळा. आणि काही घराण्यांनी आपल्या भोवतीचा गावकूस चांगला उंच बांधला आहे.

मूळचा हा पंथ भक्तिमार्गी. अठराव्या शतकात, आज युक्रेनमध्ये असलेल्या पोदोलिया प्रांतात, बाल शेम तोव्ह नावाच्या सत्पुरुषाभोवती तो उभा राहिला. हे गृहस्थ १७६० मध्ये वारले. पंडिताच्या कोरड्या विद्वत्तेपेक्षा अडाण्याचा भाव देवाला अधिक पोचतो, प्रार्थनेत गावे, नाचावे, असा एकूण कल. १७७२ मध्ये विल्ना शहरातल्या कर्मठांनी ह्या मंडळींवर बहिष्कार पुकारला. आणि आता गंमत पाहा: ज्यांना पाखंडी म्हणून वाळीत टाकले, त्यांचेच वंशज पुढे जुन्याचे सर्वांत कडवे राखणदार झाले. दुसऱ्या महायुद्धात युरोपातली त्यांची गावेच्या गावे नाहीशी झाली. उरलेसुरले लोक न्यूयॉर्कला येऊन पोचले. सातमार घराण्याचे रेब्बे योएल टायटलबॉम १९४६ मध्ये तेथे आले आणि ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात त्यांनी जळालेल्या झाडाची फांदी नव्या मातीत रोवली. तिला पालवी फुटली ती कुंपणाच्या जोरावर. बोलायची भाषा यिद्दिश, पोशाख आजोबा-पणजोबांचा, मुलांना इंग्रजी, गणित जेमतेम, अठरा-वीस वर्षांच्या आसपास लग्न. ज्यांचे नव्वद टक्के गणगोत जगाने मारून टाकले असेल, त्यांनी जगाकडे पाठ फिरवली तर त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला वाटते. पण कुंपणाच्या आत वाढणाऱ्या मुलाच्या डोक्याला कुंपण नसते.

त्यातून ह्या मुलांचे शिक्षण म्हणजे वादाचे शिक्षण! त्यांच्या पाठशाळेला ‘येशिवा’ म्हणतात. आपल्या वेदशाळेत एका सुरात संथा चालते. येशिवाच्या दिवाणखान्यात गेले तर वाटावे की बाजार भरला आहे. मुले जोडीजोडीने बसतात. ह्या जोडीला ‘खवरूता’ म्हणतात. शब्दाचे मूळ सोबत, मैत्री. मध्ये तालमूद ग्रंथ उघडा. एकाने वाचायचे, दुसऱ्याने अडवायचे. हातवारे, टेबलावर थापा, आवाज चढलेले. तासन् तास, वर्षानुवर्षे, पुष्कळदा एकच सोबती. तालमुदाचे छापील पानसुद्धा वादाचेच चित्र असते. मध्यभागी मूळ मजकूर. एका कडेला अकराव्या शतकातल्या राशीचे भाष्य. दुसऱ्या कडेला त्याच्या नातवांनी आणि त्यांच्या शिष्यांनी घेतलेले आक्षेप. ही मांडणी १५२० नंतर व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या प्रतींपासून रूढ झाली. बाबिलोनी तालमुदाची अशी २७११ पाने आहेत. शेकडो वर्षांच्या अंतरावरची माणसे एका पानावर समोरासमोर बसलेली असतात, आणि बहुतेकांची नावे तेथे असतात. ज्याचे वचन त्याच्या नावानेच सांगावे, तसे सांगणारा जगाच्या मुक्तीला हातभार लावतो, अशी तेथली समजूत. उलट नाव काढून घेणे ही शिक्षा! रब्बी मेईर आणि रब्बी नाथान ह्या दोघांनी एकदा सभाप्रमुखाला भर सभेत खाली पाहायला लावण्याचा बेत केला. तो उघडकीला आला. तेव्हा ठरले की, ह्यांची मते नोंदवायची, कारण ती मोलाची आहेत. पण ह्यांचे नाव न घेता. एकाचे मत ‘इतर म्हणतात’ म्हणून, दुसऱ्याचे ‘कोणी म्हणतात’ म्हणून. आमच्या विद्यापीठातले काही वाद आठवून मला ही शिक्षा फार सौम्य वाटते. पण ते असो.

समोरासमोर बसले म्हणजे माणसे एकमेकांशी गोड बोलतात, असा माझा दावा नाही. तालमुदातली सर्वांत प्रसिद्ध जोडी रब्बी योहानान आणि रेश लाकिश ह्यांची. तिसऱ्या शतकातली ही माणसे. रेश लाकिश पूर्वायुष्यात लुटारू होता, असे परंपरा सांगते. योहानानने त्याला विद्येकडे वळवले, आपली बहीण दिली, सोबती केले. एक दिवस वाद निघाला की सुरी, तलवार ही हत्यारे घडून पुरी झाली असे नेमके केव्हा म्हणायचे. रेश लाकिशचे मत वेगळे पडले. योहानान बोलून गेला की, चोराला हत्यारांची माहिती असायचीच. झाले! त्या एका शब्दाने रेश लाकिश आतून मोडला, आजारी पडला आणि त्यातच गेला. योहानान सैरभैर झाला. मंडळींनी त्याच्यासाठी एक नवा विद्वान सोबती शोधला. तो योहानानच्या प्रत्येक विधानाला आधार काढून द्यायचा. योहानान वैतागला: आधार मला काय करायचा, तो गेलेला माझ्या एका विधानावर चोवीस आक्षेप घ्यायचा, मी चोवीस उत्तरे द्यायचो, आणि त्यातून विषय मोकळा व्हायचा. कपडे फाडत, त्याला हाका मारत तो फिरू लागला. शेवटी त्याचेही भान सुटले. शब्द जीव घेऊ शकतो, हे ह्या लोकांना ठाऊक आहे. परंतु ज्याने शब्द टाकला त्याला तो कोणाला लागला हे दिसले, आणि त्याची किंमत त्यानेही मोजली.

अशा शाळेत तयार झालेला मुलगा सतरा वर्षांचा होतो आणि त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. येशिवातल्या त्या पानावर कुठलाही प्रश्न विचारता येतो. बैलाने शिंग मारले तर भरपाई कोणी किती द्यायची, ह्यावर चार दिवस भांडता येते. पान कोणाकडून आले, हा प्रश्न मात्र विचारता येत नाही. विचारला तर सोबत्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. गुरुजी म्हणतात, प्रार्थनेत लक्ष घाल, लग्न होऊ दे, सगळे ठीक होईल. म्हणजे आयुष्यभर अडवायला शिकवलेला मुलगा, आणि सर्वांत मोठ्या जागी अडवायला गेला तर कोणी उत्तर देत नाही. मग त्याला वाचनालयातला संगणक दिसतो, नाहीतर लपवलेला मोबाइल. आणि तेथे नाव न सांगता बोलायला उत्सुक अशी माणसे रात्रंदिवस बसलेली असतात.

ही ओढ नवी नाही. पूर्वी तालमुदाच्या मोठ्या पानाखाली बंदी घातलेले छोटे पुस्तक ठेवून वाचीत. नावाचा बुरखाही नवा नाही. तार्नोपोल गावच्या योसेफ पेर्ल ह्या सुधारकाने १८१९ मध्ये व्हिएन्नाला एक पुस्तक छापले. ‘मगल्ले तमिरीन’, म्हणजे गुपिते उघड करणारा. वर पेर्लचे नाव नाही. कोणा ओबद्या बेन पेतख्या नावाच्या हसीदी गृहस्थाने ही पत्रे गोळा केली असे भासवलेले. ह्या ओबद्याला म्हणे अदृश्य होण्याची विद्या सापडली होती; त्या बळावर तो कोणाच्याही घरात शिरे आणि पत्रे उचलून आणी. पत्रे अर्थात पेर्लनेच रचलेली, हसीदींची यथेच्छ टिंगल करणारी. नक्कल इतकी हुबेहूब होती की सुरुवातीला काहींना पुस्तक खरोखरीच हसीदी वाटले. वाङ्मयाचे इतिहासकार आज त्या पुस्तकाला हिब्रूतली पहिली कादंबरी म्हणून मान देतात, आणि मराठीचा शिक्षक म्हणून मलाही त्याचे कौतुक वाटते. पण पेर्ल तेव्हा पंचेचाळिशीचा, पैसा-प्रतिष्ठा असलेला, स्वतःची शाळा काढलेला माणूस होता. अदृश्य होऊन परत दृश्य व्हायला त्याला घर होते.

उलट बाजूचे उदाहरणही सांगायला हवे, नाहीतर माझ्यावर पक्षपाताचा आरोप यायचा. रादिन गावच्या इस्राएल मेईर कागान ह्यांनी परनिंदेच्या पापावर एक ग्रंथ लिहिला. कोणाविषयी काय बोलू नये, ऐकू नये, ह्याचे बारीकसारीक नियम. १८७३ मध्ये तो प्रसिद्ध झाला तो निनावी! लेखकाला श्रेय नको होते. पुढे लोकांनी ग्रंथाचेच नाव लेखकाला दिले, आणि १९३३ मध्ये वारेपर्यंत ते ‘खाफेत्स खाईम’ म्हणूनच ओळखले गेले. आज हसीदी मुलांच्या घरोघरी हा ग्रंथ असतो. तेव्हा नाव झाकणे हे मुळातच पाप, असे कोणी म्हणू नये. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आम्हीसुद्धा नाव न ठेवता नुसता क्रमांक ठेवतो, आणि त्यात विद्यार्थ्याचे हितच असते.

सतरा वर्षांच्या मुलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याने ‘स्पिनोझा’शी वाद घातला तेव्हा समोर कोण बसले होते? खरा स्पिनोझा अॅम्स्टरडॅममध्ये १६५६ साली बहिष्कृत झाला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याने त्या निर्णयाची किंमत स्वतःच्या नावाने दिली. पडद्यावरचा स्पिनोझा एखादा प्रामाणिक अभ्यासक असेल. एखादा प्रौढ हसीदी गृहस्थ असेल, पोराबाळांचा, दिवसा प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसणारा. घर सोडून गेलेला आणि जुना हिशेब चुकता करणारा असेल. ह्या मुलासारखाच दुसरा मुलगा, चार गल्ल्यांपलीकडे, असेल. किंवा कोण काय बोलतो ते टिपून पोचवणाराही असेल. मुलाला हे कळायला मार्ग नाही. वादात समोरच्याचा चेहरा हा निम्मा मुद्दा असतो. तो डोळे मिटून विचार करतो आहे, की तोंडपाठ बोलतो आहे. त्याला स्वतःला ह्या मतापायी काय सोसावे लागले, की काहीच नाही. हे दिसले की माणूस त्याचे म्हणणे योग्य वजनाने घेतो. येथे वजन करायला ताजवाच नाही. आणि मुलाजवळ इतिहास, विज्ञान, इतर धर्म ह्यांची पुंजी नसते; ती त्याला दिलेलीच नसते. त्यामुळे पहिला अस्खलित बोलणारा भेटला की तो चीत होतो. घरच्या गुरूचा शब्द पारखून घेतला पाहिजे म्हणून जो निघाला, तो परक्याचा शब्द न पारखता घेऊन येतो. मला विचाराल तर प्रश्नापेक्षा ह्या गोष्टीत धोका अधिक.

शिवाय बुरखा घातला की आवाज बदलतो. आपलाही. माझ्या पेटीतल्या त्या चार चिठ्ठ्या लिहिणारी मुले दुष्ट नव्हती. त्याच मुलांनी सहलीत त्या मुलीची पिशवी उचलली असेल. येशिवातला मुलगा दिवसा वडिलांच्या मांडीला मांडी लावून शब्बाथची गाणी म्हणतो आणि रात्री टोपणनावाने वडिलांच्या श्रद्धेची अशी सालटी काढतो की सकाळी त्याला स्वतःलाच ते आठवू नये. दोन आवाज, दोन माणसे. त्यांची भेट कुठेच होत नाही. अयाला फेडर ह्या न्यूयॉर्कच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अशाच लोकांत वावरून एक पुस्तक लिहिले. ‘हिडन हेरेटिक्स’, २०२०. वरून सारे आचार पाळणारी आणि आत काहीच न मानणारी माणसे. पुष्कळशी लग्न झालेली, मुलेबाळे असलेली. संगणकाने त्यांना पहिल्यांदा कळले की आपण एकटे नाही. हा दिलासा मी कमी लेखत नाही. ज्याला वाटत होते की आपल्यालाच काहीतरी रोग झाला आहे, त्याला दुसरा भेटला तर तो का सुखावणार नाही? परंतु तो सुखावतो रात्री, आणि दिवस त्याच जुन्या घरात काढावा लागतो.

आणि बुरखा कधी ना कधी फाटतो. समाज लहान, लिहिण्याची लकब, एखादी घरगुती आठवण, एखाद्या रेब्बेची केलेली नक्कल, एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. हसीदी समाजात मुलाचे नाव त्याच्या एकट्याचे नसते. ते डागाळले तर स्थळे यायची थांबतात. त्याची, आणि त्याच्या मागच्या बहिणींचीही. धाकट्या भावाला चांगल्या येशिवात घेताना लोक मान हलवतात. शुलेम डीन ह्या लेखकाची कहाणी प्रसिद्ध आहे. न्यू स्क्वेअर हे न्यूयॉर्कच्या उत्तरेला हसीदींनी वसवलेले खेडे. मूळ ‘स्क्विर’, युक्रेनमधल्या गावाच्या नावावरून. कारकुनाने लिहिताना त्याचे ‘स्क्वेअर’ केले, असे सांगतात. अठराव्या वर्षी लग्न झालेला, पाच मुलांचा बाप झालेला डीन २००३ पासून ‘हसीदी बंडखोर’ अशा अर्थाच्या टोपणनावाने इंटरनेटवर लिहू लागला. २००५ मध्ये त्याला गाव सोडायला लावले. पुढे घटस्फोट झाला, आणि मुलांशी संबंध तुटले. २०१५ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने आत्मकथन प्रसिद्ध केले. तो तेव्हा मोठा माणूस होता, लेखणी हातात होती. सतरा वर्षांच्या मुलाजवळ ना घर, ना हुन्नर, ना धड इंग्रजी. गावकुसाबाहेर तो कोणाकडे जाणार? ज्याच्याशी रात्र रात्र बोलला त्या स्पिनोझाचा पत्ताही त्याच्याजवळ नसतो.

वडीलधाऱ्यांना हे दिसत नाही असे नाही. २० मे २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड ह्या बेसबॉलच्या मैदानात चाळीस हजारांवर पुरुष जमले; सगळे काळ्या कोटांत. विषय एकच: इंटरनेटचा धोका. भाषणे झाली, गाळणी लावलेले संगणक आणि साधे फोन वापरण्याचे आवाहन झाले. गाळणीने अश्लील चित्रे अडतील, ती अडवावीतच. प्रश्न कसा अडवणार? तो संगणकातून आलेला नसतो. पुष्कळदा तो त्या २७११ पानांतूनच आलेला असतो.

कारण तालमुदात एक पाखंडी आहे. एलिशा बेन अबुया, दुसऱ्या शतकातला प्रकांड पंडित. एक कथा अशी की, त्याने एक मुलगा पाहिला. वडिलांनी सांगितले म्हणून तो झाडावर चढला. घरट्यातली पिले घेण्याआधी शास्त्राप्रमाणे आई-पक्ष्याला उडवून दिले. वडिलांची आज्ञा पाळणे आणि आई-पक्ष्याला सोडणे, ह्या दोन्ही आज्ञांना शास्त्राने दीर्घायुष्याचे फळ सांगितले आहे. मुलगा खाली उतरताना पडला आणि मेला. एलिशाची श्रद्धा तेथे संपली. (माझ्या पेटीतली ती पहिली चिठ्ठी मला येथे आठवते.) समाजाने त्याचे नावच टाकले, तालमूद त्याला ‘अखेर’, म्हणजे ‘तो दुसरा’, म्हणतो. पण त्याची गोष्ट पानावरून पुसली नाही. आणि त्याचा एक शिष्य त्याला सोडून गेला नाही. कोणता? तोच रब्बी मेईर, ज्याचे नाव पुढे शिक्षा म्हणून गाळले गेले.

एका शब्बाथला एलिशा घोड्यावर बसून चालला होता. शब्बाथला घोड्यावर बसणे निषिद्ध. त्याने ते मानणे सोडले होते. मेईर मागून पायी चालत होता, त्याच्याकडून शास्त्र ऐकत. शब्बाथच्या दिवशी गावाच्या शिवेपासून दोन हजार हातांपलीकडे जायचे नाही असा नियम आहे. बोलण्याच्या नादात मेईरला अंतराचे भान नव्हते. एलिशाने घोडा थांबवला आणि त्याला सांगितले की, मेईर, आता माघारी फीर. घोड्याची पावले मी मोजत आलो आहे, तुझी हद्द येथे संपली. मेईर म्हणाला, तूही फीर. एलिशाने सांगितले की, मला परतीची वाट राहिलेली नाही. आणि तो पुढे गेला.

ज्याने स्वतः नियम सोडला तो शिष्यासाठी पावले मोजत होता. हे त्याला जमले, कारण शिष्य मागे चालताना दिसत होता. तो कोण, कोणत्या गावचा, त्याला रात्री कुठे परत जायचे आहे, हे माहीत होते. पडद्यावरच्या स्पिनोझाला, तो कितीही सज्जन असला तरी, मागून कोण येते आहे ते दिसत नाही. त्याचा घोडा आपल्या वेगाने चाललेला असतो. मुलाच्या घरच्यांपैकी किंवा गुरुजनांपैकी एकाने जरी ‘विचार, मी ऐकतो’ म्हटले असते, उत्तर येत नसेल तर ‘येत नाही’ म्हटले असते, तर तो मुलगा त्या थंडीत वाचनालयापर्यंत चालत गेला असता का, असे मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले.

“गेला असता, सर,” तो म्हणाला. “पण कदाचित पडद्यावर हात ठेवला नसता.”

मग त्याने चहा संपवला आणि विचारले, तो मुलगा पुढे कुठे गेला असेल? मी काय सांगणार! लग्न ठरले असेल. कोणी पाहिले असेल आणि घरी कळले असेल. दुसरे लांबचे वाचनालय धरले असेल. किंवा त्याच दिवाणखान्यात परत बसून, सोबत्याशी बैलाच्या शिंगावरून भांडत असेल, आणि एखाद्या वेळी मध्येच गप्प होत असेल.

माझी ती पेटी आता घरी असते. सौ. तिच्यात शिवणाचे दोरे आणि बटणे ठेवते. ‘शंका’ हा शब्द अजून झाकणावर आहे. यंदा जूनमध्ये नव्या वर्गाला पहिला पाठ शिकवून झाल्यावर मी विचारले, “काही शंका?” डोकी ठरल्याप्रमाणे वहीत गेली. दर वर्षी येथे मी ‘बरं तर’ म्हणून पुढे जातो. ह्या वेळी बोललोच नाही, नुसता एकेकाच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलो. दोन मिनिटे गेली असतील. वर्गात दोन मिनिटे फार मोठी असतात. शेवटी तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा चुळबुळत उभा राहिला.

“सर,” तो म्हणाला, “पंख्याचा फार आवाज येतोय. मघाशी तुम्ही काय म्हणालात ते आम्हांला मागे ऐकूच आलं नाही. बंद करू का?”